अर्धी खतं : लहान मुलांना पैसा शिकवताना



आज तुकोबारायांचा तो अभंग घेतलाय, ज्यात ते संसारी माणसाला पैशाबद्दल दोन गोष्टी सांगतात. पैसा मिळवायचा तो चांगल्या व्यवहाराने, आणि खर्च करायचा तो उदास होऊन. अभंग बहुतेकांना पाठ असेल. नसेल तर गाथेत काढून नक्की वाचा, पुढे त्याच अभंगात परोपकार, गोपालन असं बरंच काही आहे. आज मात्र मी या दोनच गोष्टींवर थांबणार आहे, कारण गेले काही महिने मी त्या पहिली ते चौथीच्या मुलांना शिकवतोय.

आमच्या सोसायटीत दर रविवारी सकाळी बालसंस्कार वर्ग असतो. चौदा मुलं येतात. हरिपाठ, एक गोष्ट, थोडे खेळ, एवढंच आधी होतं. आता शेवटची वीस मिनिटं 'हिशोब' असतो. काही पालकांनी भुवया उंचावल्या. संस्कार वर्गात पैसा कशाला? मला उलट वाटतं की पैसा संस्कार वर्गात नाही शिकवायचा, तर मग कुठे? शाळेत गणितात बेरीज-वजाबाकी येते, पण 'हे पैसे माझे आहेत का' हा प्रश्न गणिताच्या पुस्तकात नसतो.

आधी त्या 'उदास' शब्दाबद्दल. मी मुलांना अर्थ विचारला तर दुसरीतला एक जण म्हणाला, "म्हणजे खर्च करताना वाईट वाटलं पाहिजे." सगळे हसले. पण आजच्या मराठीत उदासचा अर्थ तोच झालाय ना! रडवेला चेहरा. संतांच्या मराठीत तसं नाही. उदासीन म्हणजे जरा बाजूला बसलेला, गुंतून न पडलेला. मॅचमध्ये अंपायर असतो तसा, असं मी मुलांना सांगितलं. तो खेळ पूर्ण लक्ष देऊन बघतो, एकही बॉल सोडत नाही, पण कुणीही जिंकलं तरी नाचत नाही. हे त्यांना लगेच कळलं. यात 'लक्ष देऊन' हा भाग महत्त्वाचा आहे. आपल्याकडे भक्ती करणाऱ्या माणसाने पैशाकडे दुर्लक्ष करावं असा एक समज आहे, विशेषतः आपल्या वयाच्या लोकांत, ज्यांचा पगार पहिल्या तारखेला येतो आणि वीस तारखेला कुठे गेला ते आठवत नाही. त्याला आपण अनासक्ती म्हणतो. ती अनासक्ती नव्हे, तो आळस आहे.

तुकोबा स्वतः वाण्याच्या दुकानात वाढले होते, हे विसरून चालणार नाही. देहूच्या बाजारपेठेची महाजनकी त्यांच्या घराकडे होती, दुकान होतं, सावकारी होती. वही, तराजू, उधारी, वसुली हे सगळं त्यांनी लहानपणापासून पाहिलं आणि तरुणपणी हाताने केलं. इ.स. 1630 च्या सुमारास मोठा दुष्काळ पडला, त्यात घरची माणसं गेली, व्यापार बुडाला. त्यानंतरची खतांची गोष्ट आपल्याला माहीत आहे. लोकांनी घेतलेल्या कर्जाची खतं तुकोबांनी इंद्रायणीत बुडवली.

पण ही गोष्ट सांगताना आपण मधला एक तुकडा गाळतो. परंपरेने सांगितलेल्या चरित्रात असं आहे की धाकटे बंधू कान्होबा यांनी आपला वाटा मागितला. त्यांना संसार चालवायचा होता. तुकोबांनी खतांचे दोन भाग केले, अर्धी खतं कान्होबांना दिली आणि फक्त आपल्या वाट्याची पाण्यात सोडली.

मी ही गोष्ट वर्गात पूर्ण सांगितली. आधी खत म्हणजे काय हेच सांगावं लागलं, कारण मुलांना खत म्हणजे कुंडीत घालायचं तेच ठाऊक! मग कागदाचे आठ तुकडे केले, प्रत्येकावर एक रक्कम लिहिली, आणि दोन मुलांना तुकोबा आणि कान्होबा केलं. वाटणी समान करायची होती. चार-चार कागद वाटले तर तुकोबांकडे 70 रुपये आले आणि कान्होबांकडे 130. लगेच भांडण. मग चौथीतल्या एका मुलीने सांगितलं की कागद नाही, रक्कम मोजा. दहा मिनिटं सगळे जमिनीवर बसून कागद इकडून तिकडे सरकवत होते. शेवटी दोन्हीकडे 100-100 झाले. त्यानंतर तुकोबांनी आपले कागद बादलीत टाकले.

तेव्हा एकाने विचारलं, "दादा, मग मी ताईचे पैसे कुणाला देऊ शकत नाही?"

नाहीस देऊ शकत. आणि ताई रागावली असली, किंवा ज्याला द्यायचेत तो खूप गरीब असला, तरीही नाही. आधी वाटणी, मग त्याग. आपलं काय आहे हे ज्याला नीट मोजता येतं त्यालाच ते सोडता येतं. तुकोबांनी सगळीच खतं बुडवली असती तर गोष्ट ऐकायला जास्त भारी वाटली असती, पण अर्धी उदारता भावाच्या खिशातून झाली असती.

आता प्रत्यक्ष काय शिकवतो ते सांगतो.

सुरुवात नाण्यांनी केली. आजच्या मुलांनी पैसा फारसा पाहिलेलाच नाही. 2016 मध्ये यूपीआय आलं, म्हणजे आत्ता चौथीत असलेलं मूल त्याच सुमारास किंवा त्यानंतर जन्मलेलं. त्याच्या दृष्टीने आई फोन दाखवते, दुकानातला डबा मोठ्याने बोलतो आणि वस्तू मिळते. काहीच कमी होत नाही. पाकीट पातळ होत नाही, सुटे परत येत नाहीत. मी तर दिवसभर कोडच लिहितो, डिजिटल व्यवहाराला माझा विरोध असण्याचं कारण नाही. पण सात वर्षांच्या मुलाला वजाबाकी हातात जाणवली पाहिजे. म्हणून आमच्या वर्गात खरी नाणी आणि खऱ्या नोटा असतात. शंभर रुपये किती तऱ्हांनी करता येतील? 10 ची दहा नाणी, 20 च्या पाच नोटा, 50 ची एक आणि बाकी सुटे. हिरवट-पिवळ्या 20 च्या नोटेच्या मागे वेरूळची लेणी आहेत हे कळल्यावर प्रत्येकाला ती नोट हातात घ्यायची होती. एक मूल म्हणालं, 10 चं नाणं आमचा दुकानदार घेत नाही. ते चलनातच आहे, घ्यायलाच हवं, हेही मग बोलणं झालं.

पुढच्या पायरीला प्रत्येक मुलाला एक डबा आणि एक छोटी वही. डब्यात जे काही खाऊचे पैसे मिळतील ते. किती मिळावेत यावर मी काही बोलत नाही, ते घरचं घर. फक्त एक विनंती पालकांना केली: स्वतःचं ताट उचलणं, दप्तर भरणं याचे पैसे देऊ नका. घरातलं काम म्हणजे नोकरी नाही.

वहीत चार रकाने : तारीख, आले, गेले, शिल्लक. आणि एकच नियम. रविवारी वहीतली शिल्लक आणि डब्यातली नाणी जुळली पाहिजेत.

इथे मी एकनाथ महाराजांची गोष्ट सांगितली. पैठणचे नाथ गुरूंकडे, म्हणजे देवगिरीला जनार्दनस्वामींकडे असताना हिशोबाचं काम करायचे. एकदा एका पैची चूक येत होती. रात्र उलटली, दिवा जळतोय, नाथ वह्या चाळतायत. शेवटी चूक सापडली आणि आनंदाने त्यांनी टाळी वाजवली. स्वामी बघत होते. ते म्हणाले, एका पैची चूक सापडली तर एवढा आनंद, हेच लक्ष भगवंताकडे लावलंस तर काय होईल! आपण ही गोष्ट ऐकतो ती शेवटच्या वाक्यासाठी. पण जनार्दनस्वामींनी 'एका पैसाठी कशाला जागतोस' असं म्हटलं नाही. ज्याला पैवर लक्ष ठेवता येतं, त्याला ते लक्ष देवाकडे वळवता येईल, असा तो हिशोब आहे. (आजोबांच्या काळात एका रुपयात 192 पै असत. हा आकडा मुलांना इतका आवडला की पुढचा आठवडाभर सोसायटीत सगळ्या वस्तूंचे भाव पैमध्ये सांगितले जात होते.)

तर तिसरीतल्या एका मुलीची वही जुळेना. मागच्या रविवारी शिल्लक 64. मंगळवारी आजोबांनी 20 दिले, झाले 84. गुरुवारी पेन्सिल आणि खोडरबर 12, राहिले 72. शनिवारी चिक्की 10, राहिले 62. डब्यात मात्र 57. पाच रुपये कमी. तिचा चेहरा पडला. मी सांगितलं, कुणी रागावणार नाही, आपण फक्त शोधायचं. ऑफिसमध्ये बग शोधतो तसंच. शेवटचं कधी जुळलं होतं? रविवारी. त्यानंतर डबा किती वेळा उघडला? तिने बोटं मोजली. चार वेळा. वहीत नोंदी किती? तीन. मग एकदम तिला आठवलं: शुक्रवारी शाळेत मैत्रिणीला पाच रुपये उसने दिले होते.

टाळी तिनेच वाजवली, मला सांगावंही लागलं नाही.

पण आता नवा प्रश्न आला. हे पाच रुपये 'गेले' मध्ये लिहायचे का? गेले म्हणावं तर ते परत येणार आहेत. शिल्लक म्हणावं तर डब्यात नाहीत. त्या दिवशी वहीच्या मागच्या पानावर दोन रकाने वाढले. 'येणे' आणि 'देणे'. आणि तुकोबांच्या खतांचा अर्थ मुलांना खरा त्या दिवशी कळला. खत म्हणजे कुणाच्या तरी वहीतलं येणे. ते बुडवलं म्हणजे समोरच्याच्या वहीतलं देणे पुसलं. "म्हणजे त्याला आता झोप लागेल," असं एक मूल म्हणालं. मी काही वाढवून सांगितलं नाही.

पुढच्या रविवारी सगळ्यांनी मागचं पान भरून आणायचं ठरलं.

सगळ्यांचं येणे आई-बाबांकडे होतं! म्हणजे चौदापैकी नऊ जणांचं. वाढदिवसाची पाकिटं, भाऊबीजेची ओवाळणी, आजीने जाताना हातात कोंबलेली पाचशेची नोट. "आईने जपून ठेवलेत." कुठे ठेवलेत? माहीत नाही. किती? माहीत नाही. एकाचा आकडा साडेचार हजारांच्या घरात होता आणि तो त्याने नीट तारीखवार लिहिला होता.

या नऊ जणांत एक मुलगी होती, तिची आई आमच्याच इमारतींत घरकाम करते. तिने लिहिलं होतं : आईकडून येणे 340. डबा नव्हे, तिच्याकडे यात्रेतून आणलेला मातीचा गल्ला होता, तो जूनमध्ये फोडला होता. पैसे गॅसच्या सिलेंडरला गेले. तिने हे अगदी सरळ आवाजात सांगितलं. टॉवरमधली मुलं गप्प झाली. सिलेंडरसाठी कुणाचा गल्ला फोडावा लागतो हे त्यांच्या कल्पनेत नव्हतं.

दोन दिवसांनी तिची आई मला गेटपाशी भेटली. चिडलेली होती. म्हणाली, "दादा, तुम्ही हिला काय शिकवता? पोरीने माझ्या नावावर कर्ज लिहिलंय. सिलेंडरवर शिजलेलं तिनंच खाल्लं ना? घर आहे हे, दुकान नाही."

तिच्या म्हणण्यात तथ्य होतं. घरात माणसं एकमेकांसाठी जे करतात त्याची वही ठेवायला गेलं तर मुलांचीच देणी आभाळाएवढी होतील. आईने रात्री जागून काढलेल्या तापाचं काय लिहिणार? मी तिला एवढंच म्हणालो की ताई, मी तिला मागायला शिकवलं नाही. फक्त जे झालं ते जसंच्या तसं लिहायला शिकवलंय. तुम्हाला चालणार नसेल तर ते पान आपण काढून टाकू, पण ते तुम्हीच तिला सांगा, का काढायचं ते.

ती थोडा वेळ उभी राहिली. मग बचत गटाबद्दल बोलायला लागली. तिच्या गटात दर महिन्याला बैठक होते, सगळ्यांच्या देखत कुणी किती भरले, कुणाकडे किती बाकी, वाचून दाखवतात. कर्जाला शेकडा दोन व्याज. "तिथं माझ्या नावावर लिहितात तेव्हा मला राग येत नाही," ती म्हणाली. "लिहिलं नाही तरच भीती वाटते." पुढचं वाक्य तिने पूर्ण केलं नाही.

रविवारी मुलगी वही घेऊन आली. 340 च्या समोर आईची सही होती, गटाच्या रजिस्टरवर करते तशी, पूर्ण नाव लिहून. खाली, '50 मिळाले'. त्याला आता तीन महिने झाले आहेत, तीन वेळा 50 आले आहेत आणि येणे 190 उरलंय. व्याज लावायचं का, असं मुलीने विचारलं होतं म्हणे. आई म्हणाली, लावून बघ!

या प्रसंगाने आमच्या वर्गाला एक वेगळीच शिक्षिका मिळाली, ती म्हणजे ही मुलगी. भिशी म्हणजे काय, गटात पैसे का भरायचे, हप्ता चुकला तर दंड का, हे तिला घरात बसून माहीत आहे. ती सांगते आणि टॉवरमधली मुलं ऐकतात. वारकऱ्यांच्या दिंडीतही जेवणखर्चासाठी प्रत्येकाने भरायच्या पैशाला भिशीच म्हणतात, एवढी भर मी घातली.

टॉवरमधल्या पालकांशी बोलणं जास्त अवघड गेलं. पाकिटांच्या पैशांचं काय झालं हे खरं तर कुणालाच माहीत नव्हतं. घरखर्चात मिसळून गेले. मी म्हणालो, त्यात काही गैर नाही. पाकीट देणाऱ्याच्या घरी आपणही पाकीट देतोच, तो घराचा व्यवहार आहे, असं मुलाला स्पष्ट सांगा. सातव्या वर्षी त्याला ते कळतं. किंवा पैसे त्याचे आहेत असं मानत असाल तर त्याच्या नावाने वेगळे ठेवा आणि आकडा दाखवा. पण 'जपून ठेवलेत' असं म्हणायचं आणि ठेवायचे नाहीत, हे तिसरं नको. तुकोबा ज्याला चांगला व्यवहार म्हणतात, तो मुलाला पहिल्यांदा बाजारात भेटत नाही, घरातच भेटतो. आपल्या पैशाबद्दल आपल्याला सांगितलेला शब्द खरा निघतो की नाही, हे ते बघत असतं. एका बाबांना हे आवडलं नाही. ते म्हणाले, एवढ्या लहान मुलांपुढे जबाबदेही कसली. त्यांचा मुलगा अजून येतो, पण मागचं पान कोरं असतं. असू दे. ज्या घराला जे झेपेल ते.

बँकेचं म्हणाल तर फार घाई नाही. पालकांबरोबर खातं कोणत्याही वयात निघतं, आणि रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे दहा वर्षांपुढच्या मुलाला बचत खातं स्वतः चालवू देण्याची मोकळीक बँकांना आहे. पोस्टाचं रिकरिंग महिना 100 रुपयांपासून निघतं, पाच वर्षांचं. चौथीतल्या मुलाला दर महिन्याला पोस्टात जाऊन पासबुकावर शिक्का मारून घ्यायला जी मजा येते ती ॲपमध्ये नाही. शेअर बाजार, म्युच्युअल फंड वगैरे प्राथमिकच्या मुलांना शिकवणारे क्लास हल्ली निघालेत. माझ्या मते त्याची काही गरज नाही. ज्याला पाच रुपये कुठे गेले ते शोधता येतं, तो पुढचं वेळ आल्यावर शिकेल.

राहिला अभंगातला दुसरा भाग, खर्च. आणि खर्चातला सगळ्यात अवघड खर्च म्हणजे दान.

गीतेच्या सतराव्या अध्यायात भगवंतांनी दानाचे तीन प्रकार केलेत. परतफेडीची अपेक्षा न ठेवता, योग्य ठिकाणी, योग्य वेळी, योग्य माणसाला, द्यायलाच हवं म्हणून दिलेलं ते सात्त्विक. परत काही मिळावं म्हणून किंवा जिवावर येऊन दिलेलं ते राजस. अवेळी, भलत्या ठिकाणी, अपमान करून दिलेलं ते तामस. आपण मोठी माणसं तिसऱ्या प्रकारात कितीदा असतो ते सिग्नलवर काच खाली करताना आपलं आपण बघावं.

मुलांसाठी मी हे एका खेळात घातलं. आषाढीच्या आधी तुकोबांची पालखी देहूहून निघून आकुर्डीमार्गे पुण्यात येते, आमचा भाग वाटेवरच पडतो. वारकऱ्यांना काहीतरी द्यायचं असं मुलांनी ठरवलं. एक पिशवी फिरवली. मूठ झाकून हात पिशवीत घालायचा आणि रिकामा बाहेर काढायचा, टाको न टाको. कुणी एक रुपया टाकला, कुणी पन्नास, कुणी काहीच नाही, कुणालाच कळणार नाही. हे मला फार महत्त्वाचं वाटत होतं, कारण त्या वर्गात साडेचार हजार येणे असलेलं मूलही बसतं आणि तीनशे चाळीसवालंही. पहिल्यांदा मुलांना ते पटेना. "मग मी जास्त दिले हे कसं कळणार?" कळणार नाही, तेच तर! स्वतःच्या वहीत मात्र प्रत्येकाने 'गेले' मध्ये रक्कम लिहायची, कारण वही खोटी बोलायची नाही.

पिशवीत 412 रुपये निघाले. मग काय घ्यायचं यावर चर्चा झाली, ती मला आमच्या ऑफिसातल्या कुठल्याही मीटिंगपेक्षा बरी वाटली. एकाचं म्हणणं क्रीमरोल. का? तर त्याला आवडतात. दुसऱ्याने विचारलं, चालून आल्यावर तुला क्रीमरोल खावासा वाटेल का? लिंबू सरबत सुचलं, पण पेले धुणार कोण. शेवटी केळी. डझनाला 50 रुपये, आठ डझन, 400. 12 रुपये शिल्लक, ते वर्गाच्या वहीत लिहिले. केळी वाटून झाल्यावर एका आजोबा वारकऱ्यांनी एका मुलाला पिशवीतून काढून राजगिऱ्याचा लाडू दिला. आता हा लाडू 'आले' मध्ये लिहायचा का, यावर परतीच्या वाटेवर मोठा वाद झाला. तो मुलगा तोपर्यंत लाडू खाऊन मोकळा झाला होता.

घरी कुणाला हे सुरू करायचं असेल तर एक साधी वही पुरे, ॲप नको. शाई, खाडाखोड, चुकलेली बेरीज हे सगळं दिसलं पाहिजे. आणि मुलाची वही तपासताना आपलीही एक वही त्याच्या शेजारी ठेवा. मी ठेवतो. माझी मुलांपेक्षा जास्त वेळा जुळत नाही आणि ते त्यांना फार आवडतं.

गेल्या रविवारी पहिलीतल्या एकाचं दहाचं नाणं रस्त्याकडेच्या गटारात पडलं. ते 'गेले' मध्ये लिहायचं, की 'येणे' मध्ये, असा त्याचा प्रश्न. गटाराकडून येणे होऊ शकत नाही, इतपत सगळ्यांचं एकमत झालं. तेवढ्यात त्याच्या शेजारचा म्हणाला, "इंद्रायणीत सोडलं असं लिही." वर्ग हसून लोळायला लागला. मी म्हणालो, तुकोबांनी मुद्दाम सोडलं होतं, तुझं पडलंय, 'गेले' मध्ये लिही आणि शेजारी 'हरवले' असं लिही. त्याने तसं लिहिलं. मग बराच वेळ विचार करून खाली कंसात एक गटार काढलं, आणि त्यात एक छोटासा गोल.

राम कृष्ण हरी.